नाव, गाव, निजायची जागा

२०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीची रात्र एका वेगळ्या मोजणीसाठी राखून ठेवली होती. प्रगणकाने कडी वाजवावी असं दारच ज्यांना नव्हतं, अशा माणसांना शोधत त्या रात्री कर्मचारी फिरले. फुटपाथवर, उड्डाणपुलांखाली, रस्त्याकडेला पडलेल्या सिमेंटच्या मोठ्या पाइपांत, जिन्यांखाली, देवळांच्या आवारात, रेल्वेच्या फलाटांवर. देशभरात १७ लाख ७३ हजार माणसांची नोंद झाली. महाराष्ट्रात ती २ लाख १० हजारांच्या वर गेली आणि मुंबईत ५७ हजारांच्या आसपास राहिली. पुढची जनगणना २०२१ मध्ये वेळेवर झाली नाही, त्यामुळे बेघरांविषयी बोलताना इतक्या वर्षांनंतरही आपण त्याच एका रात्रीचा आधार घेतो.

रात्री रस्त्यावर नेमाने जाणाऱ्या कोणालाही विचारा, तो सांगेल की एका रात्रीत ही माणसं मोजून होत नाहीत. लग्नसराईत कॅटरिंगच्या कामावर गेलेला माणूस त्या रात्री कुठल्या तरी हॉलच्या मागच्या बाजूला भांड्यांच्या ढिगाशेजारी झोपलेला असतो. कोणी हातगाडीवर, कोणी मालकाच्या परवानगीने रिक्षाच्या मागच्या सीटवर, कोणी दुकानाचं शटर पडल्यावर त्याच्या पायरीवर. एकटी बाई तर दिसू नये अशीच जागा शोधते. मोजणाऱ्याला जी दिसत नाही, तीच जागा तिच्या दृष्टीने त्यातल्या त्यात बरी असते.

तरीही मोजणी हवीच. माणसं किती आहेत हे कळल्याशिवाय निवारे किती बांधायचे हे ठरत नाही. पण ही माणसं कोण आहेत, इथवर कशी आली, आज त्यांना नेमकं काय हवं आहे, हे मोजणीच्या तक्त्यात मावत नाही. तुमच्या हातातलं हे पुस्तक त्यासाठी आहे. मुंबईत ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ठिकाणी जाऊन बेघर माणसांशी ओळख करून घेणाऱ्या स्वयंसेवकांनी ते लिहिलं आहे. कोणी बँकेत नोकरी करतात, कोणी शिकवतात, कोणी निवृत्त झाले आहेत, दोघं-तिघं अजून कॉलेजात आहेत. ज्यांच्याविषयी लिहिलं आहे त्यांना मजकूर वाचून दाखवून, त्यांची संमती घेऊनच तो छापला आहे. नावं, गावं आणि ठिकाणं बदलली आहेत.

प्रस्तावना लिहिताना मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. बेघर माणसाला वैयक्तिक ओळखणं म्हणजे सेवेच्या कामाला दिलेली भावनेची जोड, असा आपला समज असतो. चादर आणि जेवण हे खरं काम, आणि वेळ उरला तर गप्पा. माझा अनुभव उलटा आहे. ओळख हेच काम आहे, आणि चादर-जेवण ही त्या ओळखीची फार तर सुरुवात. असं का, ते समजायचं तर आधी बेघर होण्यात माणसाचं काय काय जातं ते पाहिलं पाहिजे.

‘बेघर’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच चेहरा येतो, पण प्रत्यक्षात कितीतरी प्रकारची माणसं त्या एका शब्दाखाली येतात. काही कुटुंबं तीन-तीन पिढ्या एकाच फुटपाथवर राहतात. भिंतीला ताडपत्री, तिच्या आत चूल, मुलं महापालिकेच्या शाळेत. सिग्नलवर गजरे, लिंबू-मिरची, झेंडे, फुगे विकणाऱ्यांत पारधी कुटुंबं पुष्कळ. १८७१ पासून चालत आलेल्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलेल्या जमातींपैकी ही एक. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण ‘पारधी’ म्हटल्यावर समोरच्याच्या नजरेत येणारा संशय गेला नाही. दुसरीकडे एकटे पुरुष. ते दिवसभर नाक्यावर उभे राहून बिगारी, रंगकाम, हमाली, भंगार मिळेल ते करतात. परळमध्ये टाटा आणि केईएम रुग्णालयांच्या आसपास दूरच्या जिल्ह्यांतून, दूरच्या राज्यांतून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक महिनोन्‌महिने पदपथावर राहतात. गावाकडे त्यांचं घर आहे, शेतही आहे, पण उपचार संपेपर्यंत ते या शहरात बेघर आहेत. याशिवाय मुलांनी घराबाहेर काढलेले म्हातारे आहेत, नवऱ्याच्या मारातून निसटलेल्या बाया आहेत, घरच्यांनी नाकारलेले तृतीयपंथी आहेत. अठरा वर्षं पूर्ण झाली म्हणून बालगृहातून बाहेर पडलेली आणि बाहेर कोणीच नसलेली मुलंही आहेत. मनाच्या आजारात घर सोडून निघालेली आणि परतीची वाट विसरलेली माणसं आहेत.

यांच्यातल्या बहुतेकांचं रस्त्यावर येणं एका दिवसात घडलेलं नसतं. आधी काम जातं किंवा पाय मोडतो. मग भाडं थकतं. मग काही दिवस मित्राकडे, काही दिवस बहिणीकडे. मग बहिणीच्या घरातली कुरबुर. गावाकडे पैसे पाठवणं बंद झालं की फोन करायची लाज वाटू लागते, आणि फोन बंद झाला की गाव तुटतं. दारू बऱ्याच वेळा यानंतर येते, आधी नाही. पहिले काही दिवस माणूस ‘दोन-चार रात्रींचा प्रश्न आहे’ असं स्वतःला सांगत फलाटावर झोपतो. त्या काळात त्याला कोणी ओळखणारं भेटलं तर तो परत वर येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. वर्ष लोटलं की तीच वाट फार चढणीची होते.

मुंबईत उपाशी मरायची वेळ सहसा येत नाही, असं रस्त्यावरची माणसंच सांगतात. गुरुद्वाऱ्यात लंगर असतो, देवळांत भंडारे असतात. माहीममध्ये काही खानावळींसमोर माणसं रांगेने उकिडवी बसलेली असतात, आणि येणारा-जाणारा कोणी गल्ल्यावर पैसे भरतो तेव्हा तितक्या माणसांना आत ताट मिळतं. तरी बेघर असणं स्वस्त नाही. अंघोळीला पैसे, शौचालयाला पैसे, फोन चार्ज करायला पैसे, वळकटी दिवसभर कोणाच्या दुकानामागे ठेवायची तर त्याला चहा पाजायचा किंवा झाडलोट करून द्यायची. आणि झोप ही तर सगळ्यात महाग गोष्ट. पोलीस उठवतात, पाऊस उठवतो, दारुडा लाथ मारून जातो, खिशातला फोन कोणी ब्लेडने काढून नेतो. बाया दिवसा गर्दीत झोपतात आणि रात्र जागून काढतात. कामावर सुस्तावलेला, चिडचिडा, दोनदा सांगूनही न समजणारा माणूस आपण पाहतो. महिनोन्‌महिने सलग चार तास झोप न मिळालेलं माणूस तसंच दिसतं.

कायद्याने या माणसांकडे दोन नजरांनी पाहिलं आहे, आणि दोन्ही नजरांचं मुंबईशी जवळचं नातं आहे. १९८१ च्या जुलैमध्ये, ऐन पावसात, मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी फुटपाथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवण्याची घोषणा केली. झोपड्या तोडायला सुरुवात झाली. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतरांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे त्या निकालाने मान्य केलं. माणूस फुटपाथवर राहतो तो काम जवळ असतं म्हणून. त्याला तिथून उचलून दूर टाकलं की त्याची भाकरीच जाते, हे देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने लिहून ठेवलं. मात्र फुटपाथवर राहण्याचा हक्क काही त्याने दिला नाही. सूचना देऊन हटवता येईल, पण ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पाऊस सरेपर्यंत थांबा, असं सांगितलं. त्याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेने भायखळा आणि आसपासच्या फुटपाथवासीयांची पाहणी प्रसिद्ध केली. ती करताना फुटपाथवरच्या बायांनाच बरोबर घेतलं होतं. त्यांच्यातूनच पुढे ‘महिला मिलन’ ही संघटना उभी राहिली. बचत करत, घराचे आराखडे स्वतः आखत त्या बाया पक्क्या घरांपर्यंत पोहोचल्या. फुटपाथवर राहणारी बाई स्वतःच्या घराची योजना करू शकते, हे या शहरात केव्हाच सिद्ध झालेलं आहे.

दुसरी नजर १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याची. उपजीविकेचं दिसण्याजोगं साधन नाही आणि माणूस सार्वजनिक जागी भटकतो आहे, एवढ्यावर त्याला भिकारी ठरवण्याची सोय त्यात आहे. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं त्याला भिक्षेकरीगृहात ठेवता येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये हा कायदा दिल्लीपुरता मोठ्या प्रमाणात रद्द ठरवला, पण ज्या शहराच्या नावाने तो आला तिथे तो अजून आहे. रस्त्यावर ‘गाडी आली’ असं कोणी ओरडलं की माणसं सामान सोडून का पळतात, ते यातून समजतं. ‘चेंबूरला टाकतील’, म्हणजे तिथल्या भिक्षेकरीगृहात, ही धास्ती रोज कमावून खाणाऱ्यांनाही असते, कारण मळके कपडे हाच पुरावा ठरू शकतो.

निवाऱ्यांचं म्हणाल तर २०१० मध्ये दिल्लीच्या थंडीत बेघरांचे मृत्यू झाले, तेव्हा अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले. मोठ्या शहरांनी दर एक लाख लोकसंख्येमागे किमान एक निवारा उभारावा आणि तो चोवीस तास, बाराही महिने चालवावा. पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांसाठी निवाऱ्याची योजना आली. २०११ ची मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात होती. या हिशेबाने सव्वाशे निवारे हवेत. शहर त्याच्या फार मागे आहे. जे आहेत त्यांतले काही कामाच्या जागेपासून इतके दूर की तिथे झोपायला जायचं तर दिवसाची मजुरी बुडते. ओल्गा टेलिस निकालात लिहिलेली गोष्टच इथे पुन्हा समोर येते.

आता कागदांकडे येऊ. स्वयंसेवक म्हणून ज्याने आठवडाभर जरी काम केलं असेल, त्याला ठाऊक असतं की रस्त्यावरच्या माणसाची सर्वांत मोठी अडचण कागदाची असते. संजय गांधी निराधार अनुदान योजना खरोखर निराधारांसाठी आहे, पण त्यासाठी महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो. एकाच पुलाखाली तीस वर्षं काढलेल्या विधवेकडे वास्तव्याचा पुरावा नाही. रेशनकार्डाला पत्ता लागतो, बँक खात्यासाठी बहुतेक वेळा आधार मागतात, आणि आधारला पुन्हा पत्ता. क्षयरोगावरचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, पण ते किमान सहा महिने न चुकता घ्यावं लागतं. क्षयरुग्णांसाठीची पोषणाची सरकारी मदत बँक खात्यात जमा होते, आणि खातंच नसतं. त्यात एखाद्या सकाळी महापालिकेची गाडी येते आणि बोचकं उचलून नेते. त्या बोचक्यात मळक्या साड्यांबरोबर आधारकार्ड असतं, औषधांच्या पट्ट्या असतात, मुलाचा शाळेचा दाखला असतो, नवऱ्याच्या मृत्यूचं प्रमाणपत्र असतं. इतक्या वर्षांत गोळा केलेलं सगळं दहा मिनिटांत कचऱ्यात जातं.

पण याच कागदांच्या जंजाळात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, आणि हे पुस्तक व्हावं असं मला वाटलं ते त्यामुळेच. बेघर माणसासाठी कायद्याने जिथे जिथे वाट ठेवली आहे, तिथे तिथे त्याला ओळखणारं कोणीतरी गृहीत धरलं आहे. निवडणूक आयोगाचा नियम पाहा. बेघर माणसाला मतदार म्हणून नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा लागत नाही. अर्जात दिलेल्या जागी मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री जाऊन तो खरोखर तिथे झोपतो का, याची एकाहून अधिक रात्री खातरजमा करायची असते. फार सुंदर नियम आहे हा! पण त्या रात्री अधिकाऱ्याला आणायचं कोणी, माणूस त्याच जागी थांबेल हे बघायचं कोणी, आणि अर्ज भरायचा कोणी? आधार कायद्याच्या ५ व्या कलमात कायमचं घर नसलेल्यांसाठी खास उपाय करायची जबाबदारी प्राधिकरणावर टाकली आहे. त्याही वाटेवर हात धरून केंद्रापर्यंत नेणारं माणूस लागतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं १०० वं कलम सांगतं की मनाच्या आजारामुळे रस्त्यावर भटकणाऱ्या, स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या माणसाला पोलिसांनी संरक्षणात घ्यावं. कोठडीत न टाकता चोवीस तासांत सरकारी आरोग्य केंद्रात न्यावं आणि त्याच्या घरच्यांचा शोध घ्यावा. हे कलम माहीत असलेला आणि त्या माणसाला महिनाभर पाहिलेला कोणी ठाण्यात जाऊन उभा राहिला, तर काम होतं. नाहीतर वेडा म्हणून तो वर्षानुवर्षं त्याच कोपऱ्यात असतो.

घर म्हणजे चार भिंती आणि छप्पर, हे खरंच. पण घराबरोबर आपल्यासाठी बोलणारी माणसंही असतात, हे आपल्या लक्षात येत नाही. ‘हा आमचा’ असं पोलिसांना सांगणारा शेजारी, ‘दोन दिवस झाले, दिसला नाही’ म्हणणारा दुकानदार, ‘याला साखर आहे’ हे डॉक्टरला सांगणारी बायको. रस्त्यावर आलेल्या माणसाचं छप्पर जातं तेव्हा त्याच्या वतीने साक्ष देणारी ही सगळी माणसंही जातात. चादर देऊन ती भरून येत नाहीत. दर आठवड्याला येणारा, नाव लक्षात ठेवणारा, आजार ठाऊक असणारा एक माणूस मिळाला, तर त्यातली एक जागा तरी भरते.

पुस्तकातल्या एका लेखात स्टेशनजवळ झोपणारे एक काका आहेत. थंडीत तीन वेगवेगळ्या मंडळींनी त्यांना तीन चादरी दिल्या. दिवसा ठेवायला जागा नसल्याने त्यांनी दोन विकून टाकल्या, आणि देणाऱ्यांनी त्यांच्यावर रागही धरला. पुष्कळ आठवडे शेजारी बसून बोलल्यावर स्वयंसेवक ताईंना कळलं की त्यांना चष्मा हवा होता. कधीकाळी ते प्रेसमध्ये जुळारी होते आणि नजर गेल्यापासून पेपर वाचता येत नव्हता. चष्मा आला, पेपर सुरू झाला, आणि पेपर वाचणारा माणूस म्हणून चहाच्या टपरीवाल्याने त्यांना काका म्हणायला सुरुवात केली. पुढे त्याच टपरीवर त्यांना सकाळचं काम मिळालं. दुसऱ्या लेखात एक मावशी आहेत. त्यांनी पहिल्या भेटीत एक नाव सांगितलं, दुसऱ्या वेळी दुसरं, आणि खरं नाव सांगायला वर्ष घेतलं. ते नाव सांगताना त्या रडल्या नाहीत, हसल्या. बऱ्याच वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं, म्हणाल्या.

मराठी माणसाला हे काही परकं असायचं कारण नाही. गाडगेबाबा स्वतः घर सोडून हातात मडकं आणि अंगावर चिंध्या घेऊन फिरले. आलेल्या पैशातून त्यांनी देवळं बांधली नाहीत, पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या नावाने चालणाऱ्या दादरच्या धर्मशाळेत आजही टाटा रुग्णालयातले रुग्ण उतरतात. गाडगेबाबांना वाटेवरच्या माणसाची अडचण ठाऊक होती, कारण ते त्याच वाटेवर झोपत होते. नारायण सुर्वे यांना जन्मल्यावर या शहराच्या रस्त्यावर कोणीतरी सोडून दिलं होतं. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने ते पोर उचलून घरी नेलं. त्यांनी आणि काशीबाईंनी त्याला आपलं नाव दिलं, शाळेत घातलं. मराठी कवितेला सुर्वे मिळाले ते एका कामगाराने रस्त्यावरच्या मुलाला आपलं म्हटलं म्हणून.

आजही ही परंपरा चालू आहे. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ मध्ये ‘श्रद्धा’ संस्थेचं काम सुरू केलं. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना कर्जतच्या केंद्रात आणून उपचार करायचे आणि बरं वाटल्यावर देशात कुठेही असो, त्यांच्या घरी पोहोचवायचं, हे काम ही संस्था करते. डॉ. भरत वाटवानींना २०१८ मध्ये त्यासाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांच्या माउली सेवा प्रतिष्ठानात रस्त्यावरच्या मनोरुग्ण स्त्रिया आणि त्यांची मुलं राहतात. पुण्यात डॉ. अभिजित सोनवणे धार्मिक स्थळांबाहेर बसणाऱ्या भिक्षेकऱ्यांवर तिथेच जाऊन उपचार करतात, त्यांचा विश्वास मिळवतात आणि मग त्यांना कामाकडे वळवतात. या सगळ्यांच्या कामात औषधाइतकाच भाग बोलण्याचा आहे. बोलण्यातल्या एखाद्या ओळखीच्या शब्दावरून, हेलावरून, नदीच्या किंवा देवीच्या नावावरून हरवलेल्या माणसाच्या गावाचा माग लागतो. त्यासाठी कोणीतरी त्याच्यासमोर बसून ऐकावं लागतं.

ज्यांना हे काम सुरू करायचं आहे, त्यांच्यासाठी या पुस्तकाच्या शेवटच्या भागात रीतीभाती दिल्या आहेत. त्यातल्या काही इथेही सांगतो, कारण त्या मला फार मोलाच्या वाटतात. झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही, मग हातात काहीही असो. त्याला मिळालेली झोप आपल्या पाकिटापेक्षा मोठी आहे. माणसाने अंथरलेली गोणपाटाची घडी हे त्याचं घर आहे, तेव्हा चपला बाहेर काढायच्या आणि ‘बसू का?’ विचारून बसायचं. उभ्याने बोलायचं नाही. वयाने मोठ्यांना अहो-जाहो करायचं. कपडे फाटके म्हणून म्हाताऱ्याला ‘ए, तू’ म्हणणाऱ्यांची या शहरात कमतरता नाही. पहिल्या दिवशी कहाणी विचारायची नाही. आजचा पाऊस, कालची मॅच, पोराची शाळा यावर बोलावं, बाकीचं ते आपणहून सांगतील किंवा सांगणार नाहीत. फोटो काढायचे नाहीत. देणाऱ्याचा हात आणि घेणाऱ्याची खाली गेलेली मान यांचा फोटो पाहून त्या माणसाच्या गावाकडच्या मुलीला काय वाटेल, एवढाच विचार पुरे. एकट्याने जायचं नाही. पाळता येईल तेवढाच शब्द द्यायचा. ‘बघतो’ म्हणायचं आणि न बघायचं, हे या माणसांनी आयुष्यभर सोसलेलं असतं. आणि येणं थांबवायचं असेल तर सांगून थांबवायचं.

हे काम सोपं आहे असं सांगून मी कोणाला बोलावणार नाही. दारू किंवा गर्दच्या आहारी गेलेला माणूस व्यसनमुक्ती केंद्रात जातो, परत येतो, पुन्हा पितो, पुन्हा जातो. दीर्घकाळ रोज पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली तर जिवावर बेतू शकतं. तेव्हा शपथा घालण्यापेक्षा डॉक्टर गाठणं महत्त्वाचं. घरी पोहोचवलेली बाई दोन महिन्यांत परत त्याच पुलाखाली दिसते, कारण ज्या घरातून ती पळाली होती तेच ते घर होतं. म्हणून घरी जायचं की नाही, हे तिने ठरवायचं. काही माणसं आपल्या डोळ्यांदेखत खंगतात. रुग्णालयाच्या खिडकीवर ‘तुम्ही यांचे कोण लागता?’ असं विचारतात, तेव्हा स्वयंसेवकाला उत्तर देता येत नाही. ज्याच्याशी तीन वर्षं दर गुरुवारी गप्पा मारल्या, त्याची ‘बेवारस’ म्हणून नोंद होताना पाहणं फार जड जातं. या पुस्तकातला एक लेख त्याच विषयावर आहे. तो मी एका बैठकीत वाचू शकलो नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. स्वयंसेवा शासनाच्या कर्तव्याची जागा घेऊ शकत नाही. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि सगळ्या देशाला घरात राहायला सांगितलं, तेव्हा ज्यांना घरच नव्हतं त्यांच्यासाठी शाळा उघडाव्या लागल्या. म्हणजे मनात आणलं तर जागा निघते. फुटपाथवरची ओळख जितकी वाढते, तितकी शासनाकडे करायची मागणीही नेमकी होते. ‘बेघरांसाठी काहीतरी करा’ असं म्हणण्यापेक्षा नेमकं सांगता येतं. या नाक्यावर कामाला जाणाऱ्या साठ पुरुषांसाठी इथूनच चालत जाता येईल असा निवारा द्या. बायांसाठी वेगळा द्या. नवरा-बायको-मुलांना एकत्र राहता येईल असा एक द्या. सामानाला कुलूपबंद कपाट द्या. गाडी उचलायला येणार असेल तर आधी सांगा आणि बोचक्यातले कागद परत करा. या मागण्या पुस्तकातल्या जवळजवळ प्रत्येक लेखातून आपोआप वर येतात. लिहिणाऱ्यांनी त्या कुठल्या अहवालातून घेतलेल्या नाहीत, शेजारी बसून ऐकल्या आहेत.

वाचकाला माझं सांगणं असं. हे पुस्तक हळहळ वाटावी म्हणून वाचू नका. वाचून झालं की तुमच्या घरापासून स्टेशनपर्यंतच्या वाटेवर रात्री कोण झोपतं, ते पाहा. त्यातल्या एका माणसाशी बोला. पुढच्या आठवड्यात त्याच दिवशी पुन्हा जा, त्याच्या नावाने हाक मारा. दोन-तीन महिन्यांनी त्याचं गाव, त्याचं काम, त्याचा आजार तुम्हाला कळलेला असेल. तेव्हा त्याच्या मतदार नोंदणीचा अर्ज भरा, त्याला दवाखान्यात घेऊन जा, आणि तुमच्या वॉर्डाच्या कार्यालयात जाऊन निवारा कुठे आहे, किती जणांचा आहे, तो चोवीस तास उघडा असतो का, हे लेखी विचारा. शेजारच्या चार जणांना बरोबर घ्या. या पुस्तकातल्या प्रत्येक लेखकाने सुरुवात इतकीच केली होती, आणि ती तुम्हालाही करता येईल अशी माझी खात्री आहे.